परदेशी निघालेल्यांसाठी जिल्ह्यात एक टेबल हवे

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
परभणी.

विषय : कामासाठी परदेशी जाणाऱ्यांना निघण्यापूर्वी जिल्ह्यातच सल्ला व पडताळणीची सोय मिळण्याबाबत

सन्माननीय महोदय,


परभणी जिल्ह्यातून माणसे कामासाठी बाहेर पडतात, हे आपल्या कार्यालयाला नव्याने सांगण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास गंगाखेड, सोनपेठ, पालमच्या गावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. सोयाबीन-कापसाच्या भरवशावर घर चालत नाही म्हणून कुणी पुण्याला जातो, कुणी हैदराबादला. या स्थलांतराची थोडीफार तरी सरकारदरबारी दखल आहे. मुलांसाठी हंगामी वसतिगृहे आहेत, ऊसतोड कामगारांच्या नावाने महामंडळ आहे. पण याच जिल्ह्यातून वेल्डर, गवंडी, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन, एसी दुरुस्त करणारे आणि अलीकडे पदवीधर तरुणही सौदी, दुबई, कतार, कुवेतकडे जातात; काहींचे डोळे आता जर्मनीकडे लागले आहेत. पासपोर्ट हातात आला की यातल्या बहुतेकांपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो असा : आता विचारायचे कुणाला? जिंतूर किंवा मानवतच्या माणसाला याचे उत्तर म्हणून एजंटाचा मोबाइल नंबर मिळतो, सरकारी खिडकीचा पत्ता मिळत नाही. हे पत्र त्या खिडकीसाठी आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. परदेशी गेलेल्या कामगाराची फसवणूक उघडकीस येते ती रियाधला किंवा दुबईला, पण ती ठरलेली असते इथे, निघण्याआधीच्या दोन-तीन महिन्यांत. कुणाला किती पैसे दिले, पावती घेतली की नाही, व्हिसा कोणत्या प्रकारचा आहे, करारावर काय लिहिले आहे, घरचे खाते आणि जमिनीचे कागद कुणाच्या हाती सोपवले, हे सगळे निर्णय परभणीत होतात. माणूस इथे असेपर्यंत चूक दुरुस्त करायला एक फोन किंवा एक फेरी पुरते. तो विमानात बसला की तीच चूक दुरुस्त करायला दूतावास, परराष्ट्र मंत्रालय आणि तिथले कामगार न्यायालय लागते, आणि तरीही गेलेला पैसा परत येईल याची खात्री नसते. म्हणून संरक्षणाची खरी जागा जिल्हा आहे आणि जिल्ह्यातली यंत्रणा आपल्या हाताखाली आहे.

पैशांपासूनच सुरुवात करतो, कारण बाकी सगळे त्यातून सुरू होते. १९८३ च्या उत्प्रवास कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसे भरण्याचा व्यवसाय करायला केंद्राचे नोंदणी प्रमाणपत्र लागते. नोंदणीकृत एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये सेवाशुल्क घेता येते; त्यावर १८ टक्के जीएसटी धरला तर ३५,४०० रुपये होतात, आणि त्याची पावती द्यावी लागते. हा आकडा गावोगाव माहीत असता तर निम्मी फसवणूक दारातच थांबली असती. प्रत्यक्षात ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून याच्या कितीतरी पट रक्कम मागितली जाते, तीही रोख आणि बिनपावतीची. वास्तविक सौदी अरेबियाच्या कामगार कायद्याचे कलम ४० सांगते की, कामगार आणण्याचा खर्च, इकामा (निवास परवाना) आणि वर्क परमिट काढण्याची व नूतनीकरणाची फी आणि नोकरी संपल्यावर मायदेशी परतायचे तिकीट हा सगळा भार मालकाचा आहे. म्हणजे कामगाराने ‘व्हिसा विकत घेणे’ हा प्रकारच मुळात कायद्यात बसत नाही. हे एका वाक्यात सांगणारा माणूस मात्र त्याला भेटत नाही.

आपल्या जिल्ह्याला कर्ज काढून कामावर जाण्याचा अर्थ ठाऊक आहे. ऊसतोडीत मुकादम जोडप्याला उचल देतो आणि ती फिटेपर्यंत ते जोडपे, म्हणजे एक ‘कोयता’, त्याच्याकडे बांधले जाते. परदेशाच्या बाबतीत व्यवहार याहून कठीण आहे : इथे उचल कामगाराला मिळत नाही, ती कामगारानेच एजंटाला द्यायची असते. समजा, एखाद्याने शेकडा तीन रुपये महिना व्याजाने १ लाख २० हजार उचलून एजंटाला दिले. महिन्याचे व्याज ३,६०० रुपये, वर्षाचे ४३,२०० रुपये. कायद्याने ठरवून दिलेल्या पूर्ण शुल्कापेक्षा हे नुसते व्याजच जास्त झाले आणि मुद्दल जागच्या जागी राहिले. अशा माणसाला तिथे पोहोचल्यावर सांगितलेल्यापेक्षा कमी पगार मिळाला, वेल्डरच्या जागी हेल्परचे काम मिळाले, तरी तो परत फिरू शकत नाही. त्याला तिथे अडकवून ठेवते ते घरी वाढणारे कर्ज. मालकाने कामगाराचा पासपोर्ट काढून घेणे बहुतेक आखाती देशांत बेकायदा असले, तरी कर्जाने बांधलेल्या माणसाला त्या कायद्याचा आधार घेण्याची हिंमत होत नाही.

दुसरा मुद्दा व्हिसाचा. आपल्याकडे ‘आझाद व्हिसा’ किंवा ‘फ्री व्हिसा’ हे शब्द सर्रास ऐकू येतात. त्याचा अर्थ असा सांगितला जातो की, कागदावर एक कफील म्हणजे प्रायोजक मालक असेल, काम मात्र कुठेही करता येईल. असा कोणताही व्हिसा कायद्यात नाही. प्रायोजक सोडून दुसऱ्याकडे काम करताना पकडले गेले, किंवा कफीलने ‘हुरूब’ म्हणजे पळून गेल्याची नोंद केली, तर माणूस तिथे बेकायदा ठरू शकतो. पगार मागण्याचा त्याचा हक्कही लटकतो. हाच धोका व्हिजिट व्हिसावर पाठवण्यात आहे. ‘आधी जा, तिथे कामाचा व्हिसा लावून देतो’ असे सांगून माणूस पाठवला की निघण्यापूर्वी घ्यावी लागणारी सरकारी उत्प्रवास मंजुरी टाळता येते, आणि तिच्याबरोबर विमा व नोंदलेला करारही टळतो. प्रवासी भारतीय विमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाखांचे संरक्षण आहे. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये आणि तीन वर्षांचा ३७५ रुपये, अधिक कर. एवढ्या स्वस्त संरक्षणाला माणूस मुकतो तो पैसे नाहीत म्हणून नव्हे, तर आपण कोणत्या कागदावर निघालो आहोत हे त्याला कुणी सांगितले नाही म्हणून.

आता कायद्यातली फट पाहा. केंद्र सरकारने आखातातील देश, मलेशिया, इराक, जॉर्डन अशा १८ देशांसाठी उत्प्रवास मंजुरीची अट ठेवली आहे, पण ती मुख्यतः दहावी उत्तीर्ण नसलेल्यांना लागू होते. दहावी झाली की पासपोर्ट ‘ईसीएनआर’ (उत्प्रवास मंजुरीची गरज नसलेला) होतो आणि माणूस मंजुरी, सक्तीचा विमा आणि केंद्राच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवरील कराराची तपासणी या सगळ्यांच्या बाहेर पडतो. अशा लोकांनाही ई-मायग्रेटवर नोंदणी सक्तीची करण्याचा निर्णय १ जानेवारी २०१९ पासून लागू होणार होता. तो पुढे ढकलला गेला आणि नोंदणी ऐच्छिक राहिली. दहावी झालेला माणूस स्वतःचे हित स्वतः पाहू शकतो, असे कायद्याने गृहीत धरले आहे. आपल्या जिल्ह्यातले वास्तव वेगळे आहे. दहावी-बारावी किंवा आयटीआय मराठी वा उर्दू माध्यमातून झालेल्या मुलापुढे इंग्रजी-अरबीतला करार ठेवला जातो आणि ‘इथे सही कर’ म्हणून बोट दाखवले जाते. ज्याला कायदा सर्वांत कमी जपतो, तोच तरुण आज आपल्याकडून बाहेर पडण्याच्या तयारीत आहे.

शिक्षण हे पुरेसे कवच नाही याचा पुरावा अलीकडचाच आहे. थायलंडमध्ये कॉम्प्युटरवरचे काम, भरघोस पगार, असे आमिष दाखवून नेलेल्या भारतीय तरुणांना म्यानमारच्या म्यावाड्डी भागात सायबर फसवणुकीच्या केंद्रांत डांबण्यात आले. मार्च २०२५ मध्ये भारताने हवाई दलाच्या दोन विमानांतून त्यांतल्या ५४९ जणांना परत आणले. रशियात मदतनीसाचे काम म्हणून नेलेले काही भारतीय तिथल्या सैन्यात आणि युद्धभूमीवर पोहोचले. काहींचा जीव गेला. हे सगळे अशिक्षित नव्हते. त्यांच्याकडे फोन होते, इंटरनेट होते. त्यांना मिळालेल्या ‘ऑफर लेटर’वरची कंपनी खरी आहे का आणि मधला माणूस नोंदणीकृत आहे का, हे निघण्याआधी ओळखीच्या, विश्वासाच्या जागी तपासून मिळाले असते, तर त्यांतले कितीतरी जण घरातून निघालेच नसते. परराष्ट्र मंत्रालयाने तीन हजारांहून अधिक बेकायदा एजंटांची नावे जाहीर केली आहेत. ती यादी एखाद्या संकेतस्थळावर असून भागत नाही. ती पाथरीच्या बसस्थानकावर लावलेली असेल, तर तिचा उपयोग.

कागदपत्रांचा प्रश्न दिसायला लहान, पण अडवणारा आहे. शाळेच्या दाखल्यावर नाव मराठीत किंवा उर्दूत, आधारवर एका स्पेलिंगचे, दहावीच्या प्रमाणपत्रावर दुसऱ्या, पासपोर्टवर तिसऱ्या. शेख, सय्यद, वाघमारे, घुगे ही नावे रोमन लिपीत दोन-तीन प्रकारांनी लिहिली जातात. कुठे वडिलांचे नाव मधे येते, कुठे आडनावच गळते. नोव्हेंबर २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीने पासपोर्टवर केवळ एकच नाव असलेल्यांना व्हिजिट व्हिसावर प्रवेश देणे थांबवले, तेव्हा आडनावाची जागा रिकामी असलेल्या पासपोर्टांचा अर्थ अनेकांना पहिल्यांदा कळला. प्रमाणपत्रांचे साक्षांकन कोणत्या क्रमाने होते हेही देशागणिक बदलते : सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल (परराष्ट्र मंत्रालयाचे आंतरराष्ट्रीय मान्यतेचे साक्षांकन) स्वीकारतो, तर अमिराती, कतार, कुवेतसाठी दूतावासाचा शिक्का लागतो. वेल्डर, प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांना सौदीसाठी कौशल्य चाचणी द्यावी लागते. आखाती देशांची वैद्यकीय तपासणी ठरलेल्या केंद्रांतच होते आणि छातीच्या एक्सरेत जुन्या क्षयाचा डाग दिसला तरी माणूस ‘अनफिट’ ठरू शकतो. एजंटाला पैसे मोजण्याआधी आपल्याच जिल्हा रुग्णालयात एक एक्सरे काढून घेतला, तर लाखाचे कर्ज वाचू शकते. एवढी साधी गोष्ट सांगायला कुणीतरी हवे. एक फेरी मेडिकलसाठी, एक मुलाखतीसाठी, एक कागदांसाठी, अशा देवगिरी-नंदीग्राम एक्सप्रेसने मुंबईच्या फेऱ्यांत रात्री घालवत लोक हे एकेक करून शिकतात, आणि प्रत्येक धडा पैसे मोजून शिकतात.

घराची व्यवस्था हा याहूनही दुर्लक्षित भाग. आज बँक, आधार, रेशन, शेती अनुदान, सगळे एका मोबाइल नंबरवर येणाऱ्या ओटीपीवर चालते. घरातला कर्ता पुरुष तो नंबर खिशात घेऊन निघतो, तिकडे रोमिंग चालू करत नाही, सिम काही महिन्यांत बंद पडते, आणि पाठीमागे पत्नीला स्वतःच्या घरातले पैसे काढता येत नाहीत. शेत असेल तर कुलमुखत्यारपत्र निघण्याआधी इथे करणे सोपे. परदेशातून करायचे तर ते भारतीय दूतावासात साक्षांकित करून मग इथे मुद्रांकित करावे लागते. पीक विमा, ई-पीक पाहणी, सोसायटीचे कर्ज यांसाठी पाठीमागे सही कुणाची चालणार, हे ठरवलेले नसते. पीएम-किसानचा लाभ अनिवासी भारतीयांना मिळत नाही, हेही माहीत नसल्याने पुढे वसुलीची नोटीस येऊ शकते. बचत खाते अनिवासी झाल्यावर एनआरओ करायचे असते आणि परदेशातली कमाई पाठवायला एनआरई खाते असते, हे सांगायला बँकेलाही सवड नसते. वारसाचे नाव खात्यावर आणि विम्यावर आहे ना, करार, पासपोर्ट आणि व्हिसाची एक प्रत घरी ठेवली ना, तिकडच्या कंपनीचा पत्ता आणि एका सहकाऱ्याचा नंबर घरच्यांकडे आहे ना, हे तीन प्रश्न विचारले गेले, तर संकटाच्या वेळी कुटुंब आंधळ्यासारखे चाचपडणार नाही.

यावर पहिला आक्षेप येईल तो असा की, परदेश प्रवास, व्हिसा आणि उत्प्रवास हा केंद्राचा विषय आहे, जिल्ह्याने त्यात का पडावे? घटनेच्या सातव्या अनुसूचीत तो संघसूचीत आहे हे खरे. पण फसवणुकीचा गुन्हा घडतो तो परभणीत. पैसे घेतले जातात ते इथल्या चहाच्या टपरीवर किंवा एखाद्या ट्रॅव्हल्सच्या गाळ्यात. आणि पोलीस राज्याचे आहेत. विनानोंदणी भरतीसाठी उत्प्रवास कायद्यातली शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजार रुपयांपर्यंत दंड एवढीच आहे. म्हणून भारतीय न्याय संहितेच्या फसवणुकीच्या कलमांसह गुन्हा तातडीने नोंदवला गेला, तरच धाक बसतो. तक्रार घेऊन आलेल्या बापाला ‘हा दिवाणी मामला आहे’ म्हणून परत पाठवणे ही जिल्ह्यातल्या यंत्रणेची गोष्ट आहे, दिल्लीची नाही. शिवाय इतर राज्यांनी केंद्राची वाट पाहिलेली नाही. केरळात परदेशी भरतीसाठी सरकारी महामंडळ १९७७ पासून आहे आणि अनिवासी केरळीयांसाठी स्वतंत्र विभाग १९९६ पासून. नांदेडच्या पलीकडे सीमा ओलांडली की निजामाबाद आणि निर्मल लागतात. १९५६ पर्यंत आपण आणि ते एकाच हैदराबाद राज्यात होतो. त्या तेलंगणाने सप्टेंबर २०२४ मध्ये आखातात मृत्यू पावलेल्या कामगारांच्या कुटुंबांना पाच लाखांच्या मदतीचा निर्णय घेतला आणि परदेशी कामगारांच्या तक्रारींसाठी स्वतंत्र ‘प्रवासी प्रजावाणी’ सुरू केली. संघसूची त्यांच्या आड आली नाही.

दुसरा आक्षेप : आता सगळे ऑनलाइन आहे. ई-मायग्रेट आहे, ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याचे नवे पोर्टल आणि ॲप आले, तक्रारींसाठी ‘मदद’ पोर्टल २०१५ पासून आहे, १८०० ११ ३०९० हा मोफत मदत क्रमांक आहे. या सोयी चांगल्या आहेत आणि माझी मागणी त्यांच्याच आधारावर उभी आहे. पण ज्याला एजंटाचा नोंदणी क्रमांक मागायचा असतो हेच माहीत नाही, त्याला तो क्रमांक तपासायचे पोर्टल काय कामाचे? फसवणारा माणूस ओळखीचा असतो, पाहुण्यातला असतो, घरी येऊन चहा पितो, मोबाइलवर आधी गेलेल्यांचे फोटो दाखवतो. त्याच्या तोंडच्या शब्दाला उत्तर द्यायला तितकाच समोर बसलेला, आपल्या भाषेत बोलणारा आणि ज्याचा यात काही लाभ नाही असा माणूस लागतो. केंद्राकडून निघण्यापूर्वीचे एक दिवसाचे मोफत प्रशिक्षण २०१८ पासून दिले जाते. ते मोजक्या शहरांत होते, आणि तोवर पैसे दिले गेलेले असतात, करारावर सही झालेली असते. सल्ला हवा तो पैसे देण्याआधी.

तिसरा आक्षेप मनाला लागणारा आहे : जिल्हा प्रशासनाने इथे रोजगार निर्माण करावा की माणसांना बाहेर जायला मदत करावी? इथे काम मिळावे ही मागणी योग्यच आहे आणि ती सोडण्याचे कारण नाही. शेतीमालाला भाव, सिंचन, प्रक्रिया उद्योग हे प्रश्न सुटले तर अनेक जण जाणारच नाहीत. पण ते सुटेपर्यंत जाणारा जातोच. सल्ला न दिल्याने कुणी थांबत नाही. तो फक्त जास्त कर्ज काढून, जास्त धोक्याच्या वाटेने जातो. उलट असे टेबल काही जणांना थांबवील. खर्च, पगार, व्याज आणि परतीची अट समोर मांडून हिशेब केला, तर ‘या कामासाठी जाण्यात अर्थ नाही’ हेही काहींना कळेल. जर्मनीबाबत हे विशेष खरे आहे. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये बाडेन-वुर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला, तेव्हापासून गावागावांत जर्मनीची चर्चा आहे. तिथे जायचे तर भाषा शिकण्यात कित्येक महिने जातात, शिक्षणाच्या मान्यतेची प्रक्रिया असते, आणि तीन महिन्यांत हमखास नोकरीचे आश्वासन देणारा कुणीही खोटे बोलत असतो. शासकीय वाट कोणती आणि तिच्या नावाने चालणारी दुकाने कोणती, हा फरक जिल्ह्यातच सांगितला जायला हवा.

चौथा आक्षेप संख्येचा. ऊसतोड कामगारांच्या मानाने परदेशी जाणारे किती? मोजदाद झाल्याशिवाय या प्रश्नाला उत्तर नाही, आणि दहावी झालेल्यांची सक्तीची नोंद कुठेच होत नसल्याने मोजदादही होत नाही. ही अनभिज्ञताच टेबलाच्या बाजूने जाते. कुवेतच्या मंगाफ भागात १२ जून २०२४ रोजी कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि त्यात ४० हून अधिक भारतीयांचा जीव गेला. अशा वेळी आपल्या जिल्ह्यातले कोण त्या शहरात आहेत, त्यांच्या घरच्यांना कुणी कळवायचे, हे प्रशासनाला किती वेळात सांगता येईल? स्वेच्छेने ठेवलेली एक नोंदवही याचे उत्तर देऊ शकते.

म्हणून मागणी करतो ती नवे कार्यालय उघडण्याची नाही. जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रात आठवड्यातला एक ठरलेला दिवस परदेशी जाणाऱ्यांसाठी राखून ठेवावा. तिथे बसणाऱ्या कर्मचाऱ्याने एजंटाची नोंदणी तपासावी, व्हिसाचा प्रकार सांगावा, कागदांवरची नावे जुळतात का पाहावे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवरील वकिलाने महिन्यातून दोनदा करार वाचून दाखवावा : पगार मूळ किती आणि भत्ते किती, काम आठ तासांचे की बारा तासांचे, जेवण आणि राहणे कुणाचे, परतीचे तिकीट कुणाचे, करार मोडल्यास दंड कुणाला. मराठी आणि उर्दूत एका पानाचे पत्रक छापून ते २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभांत वाचावे. त्यात ३५,४०० रुपयांचा आकडा सर्वांत मोठ्या अक्षरात असावा. आपले सरकार सेवा केंद्रांच्या चालकांना एजंट तपासण्याचे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्यावे. पोलीस अधीक्षकांशी बोलून प्रत्येक ठाण्याला अशा तक्रारी नोंदवून घेण्याच्या सूचना द्याव्यात. आणि महिन्याच्या पहिल्या सोमवारी आपण घेत असलेल्या लोकशाही दिनात परदेशी अडकलेल्यांच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र वेळ ठेवून, ‘मदद’ पोर्टलवर त्यांची तक्रार तिथेच भरून द्यावी.

या सगळ्याला लागणारी माणसे, खोल्या आणि अधिकार आज जिल्ह्यात आहेत. त्यांना एकत्र बसवणारा आदेश तेवढा नाही. तो काढायला मंत्रालयाची परवानगी लागत नाही आणि जिल्हा नियोजनातून मोठा निधीही लागत नाही. परभणीचा कामगार परदेशात घाम गाळून जे कमावतो त्यातून इथे घरे उभी राहतात, बहिणींची लग्ने होतात, मुले शिकतात, कर्जे फिटतात. जिल्हा त्याच्या कमाईचा लाभ घेतो; तर त्याच्या निघण्याची काळजीही जिल्ह्याने घ्यायला हवी. येत्या लोकशाही दिनाला या टेबलाची घोषणा करावी आणि पहिल्या वर्षी किती जण आले, किती एजंट बोगस निघाले, किती करार बदलून घेतले, हे वर्षाअखेरीस जाहीर करावे. आकडे समोर आले की हे टेबल चालू ठेवायचे की नाही, याचा निर्णय आपोआप होईल, आणि तो कोणत्या बाजूने होईल याबद्दल मला शंका नाही.

आपला विश्वासू,
परभणी जिल्ह्यातील एक नागरिक